मामांच्या टेम्पोतून भाजलेलं खायला

आमच्या लातुरात पाणी साचत नाही, किस्से मात्र साचतात! त्यातले निम्मे सोयऱ्यांचे. आज सांगते ते सगळे एकाच शनिवार-रविवारचे आणि एकाच माणसाचे. माझ्या सुनेचे मामा, नामदेवमामा. अर्धापूरचे, केळीवाले. सून त्यांच्याकडंच वाढली, तेच तिचं माहेर.

लातूर तेव्हा नवंनवं जिल्हा झालं होतं. माझा दिलीप नव्या कचेरीत शिपाई. कचेरीला रंग होता, बोर्ड होता, साहेबाला जीप होती. फक्त नळाला पाणी नव्हतं! पाऊस हुकलेला. टँकर दिसला की बाया लेकरं टाकून पळायच्या.

अशा दिवसांत मामांनी बाजारात केळी उतरवली आणि रिकामा टेम्पो आमच्या दारात लावला.

"जयभीम, विहीणबाई! चला सगळे. दोन दिवस नुसतं भाजलेलं खाऊ. वाटंनं भट्टी, नांदेडात कबाब, मळ्यात कोंबडी!"

दुष्काळात फुकट खाऊ घालणारा माणूस? मी मालकांना बाजूला घेतलं. "ह्यो माझं पोरगं न्यायला आलाय. नांदेडला बदली करणार, तिथंच ठिवून घेणार."

मालक म्हणाले, "आधी खाऊ, मग भांडू!"

* * *

अहमदपूरच्या पुढं रस्त्याकडेला भट्टी. निखाऱ्यावर मटण चरचरत होतं. मी म्हटलं, "शेपटी दाखव."

भट्टीवाला चमकला. "कशाची?"

"बोकडाची! मेंढरू भाजून बोकड म्हणून घालतोस का, मला काय म्हाईत?"

चांगला खाटीक शेपटी ठेवूनच बोकड टांगतो, गिऱ्हाइकानं ओळखावं म्हणून. बिचाऱ्यानं मागं टांगलेलं अख्खं धूड उचलून आणलं. शेपटी होती. मी ओढूनसुद्धा बघितली!

मालक हाडूक चोखत म्हणाले, "मला पसंत करताना बरं काय बघितलं न्हाईस!"

* * *

नांदेडात कबाबवाल्यानं आम्ही बसायच्या आत पाण्याचा जग आणून आदळला. "खाला को पानी दो रे, भरके!"

खाला म्हणजे मावशी. आणि मावशीला न मागता पाणी! मी वास घेऊन बघितला. म्हटलं, कबाबात मीठ जास्त असणार, उगाच कोण पाणी देतं? एक सीख खाल्ली. मीठ बरोबर. दुसरी खाल्ली, तिचंही बरोबर. तपास अर्धा सोडायची मला सवय नाही, म्हणून तिसरी मागवली.

तेवढ्यात मामा दिलीपच्या कानाशी. "जावईबापू, इथं नळ फिरवला की पानी येतंय बरं का."

ऐकलं मी. तोंडात कबाब होता, कानात नव्हता!

* * *

मामांच्या मळ्यात तर कमालच. कोंबडीला मसाला चोळून केळीच्या पानांत गुंडाळली, खड्ड्यात पुरली, वरून निखारे. मी म्हटलं, "झाकलेलं मी खात न्हाई. आत काय हाय कुणाला ठाव?"

मामा म्हणाले, "विहीणबाई, उकरताना तुम्हीच साक्षीदार ऱ्हावा!"

राहिले. कोंबडीच निघाली. लई ग्वाड होती, पण मी तोंडानं कबूल केलं नाही.

खाऊन हात धुवायला गेले. मामांची स्वतःची विहीर, पाणी वरपर्यंत. आमच्या सवयीप्रमाणं चूळभर पाण्यात मी दोन्ही हात उरकले. मामा पोट धरून हसले. "लातूरवाले हात धूत न्हाईत, हाताला नुसतं सांगतात, धुतला म्हणून!"

माझ्या शेजारी माझी सून सुनंदा. माहेरच्या पाण्याला हात लागला आणि पोरीनं अख्खा लोटा कोपरापर्यंत ओतला! मी मनात म्हटलं, गेली ही. आता कशाला परत येती?

आणि मामांनी तेव्हाच काढलं. "दिलीपरावांनी बदलीचा अर्ज टाकावा. नांदेडला जागा हाय. पोरगी टँकरमागं पळून राहिली, आम्हाला बघवत न्हाई."

मी पोराकडं बघितलं. पोरगं मान खाली घालून म्हणालं, "सुनंदा म्हणंल तसं."

बापरे! वीस वर्षं मी वाढवला, आणि सुनंदा म्हणंल तसं!

सुनंदा निखाऱ्यावर माती लोटत बसली.

* * *

रविवारी परत निघालो. मामांनी टेम्पोत केळी भरली आणि एक मोठी कळशी विहिरीच्या पाण्यानं भरून दिली. सुनंदानं ती सगळ्या वाटेत मांडीशी धरलेली. ही माहेरची शेवटची आठवण का आमिष, मला काही उमगेना.

लोह्याला कलेजीसाठी थांबलो. भट्टीवाल्यानं आधीच सांगितलं, "कलेजी पायजे तेवढी. पानी इचारू नका."

कलेजी झकास होती, तेल मनगटापर्यंत उतरलं. सुनंदानं भाकरीच्या शेवटच्या तुकड्याला बोटं पुसली आणि तो तुकडा खाऊन टाकला. काल लोटा ओतणारी ती हीच का, असा मला संशय आला.

मग तिनं कळशीचं फडकं सोडलं. मामांनी दोन्ही हात पुढं पसरले. तिनं सुतासारखी धार धरली आणि लगेच कळशी सरळ केली.

"आगं, वत की! तेल तसंच हाय."

"बास, मामा. लातूरपर्यंत न्यायचंय."

"आगं येडे, माझ्याच हिरीचं पानी हाय ते!"

"होतं," सुनंदा म्हणाली, आणि कळशीला फडकं बांधून टाकलं.