आक्काच्या गाडग्यातलं बी

गेल्या रविवारी सदलग्याला आक्काकडं गेलो होतो… आणि मन अजून तिच्या परसातल्या वांग्यांतच अडकलंय.

आक्का माझी थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची. तिचं काटेरी, पांढऱ्या रेघांचं जांभळं वांगं साऱ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध. बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायचं, आणि लेक सासरी निघाली की मूठभर तिच्या पदराला बांधायचं, ही आमच्या आईची रीत.

आईची आणखी एक रीत होती. पाहुण्यानं दिलेलं बी वेगळं ठेवायचं नाही, घरच्यात मिसळायचं. वेगळं ठेवलं तर पाहुण्याला परकं मानल्यासारखं होतं म्हणे! गेल्या वर्षी आक्काच्या मुलाच्या, शंकरच्या, व्याह्यांनी कौतुकानं बियांची कागदी पुडी आणली. 'याला अळी पडत नाही,' म्हणाले. आक्कानं रीतीप्रमाणं ती गाडग्यात ओतली.

माझी नात अनघा बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. महिन्यापूर्वी आम्ही गेलो तेव्हा शंकर जेवताना सांगत होता, यंदा काही झाडांना एकदाही औषध मारलं नाही. अनघा जेवायची थांबलीच. बेळगावला परतताना बसमध्ये तिनं मला समजावलं… अळीला मारणारं जनुक बाहेरून घातलेलं वांगं असू शकतं ते, आणि असं वांगं लावायला आपल्याकडं परवानगी नाही.

म्हणून रविवारी ती तपासायच्या पट्ट्या घेऊन आली होती.

"अळी न्हाय, फवारणी न्हाय," शंकर चिडलाच. "मग सरकारचं काय जातंय गं?"

"खाऊन काही होईल असं मी म्हणत नाही, मामा. पण होणार नाही, हे पुरतं तपासल्याशिवाय कोण सांगणार? उद्या परवानगी मिळेलही. तेव्हा पाकिटावर तसं लिहिलेलं असेल, घ्यायचं का नाही ते घेणारा ठरवेल. आक्काआजीनं ज्यांना रोपं दिली, त्यांना कुठं काय माहीत होतं?"

आक्का बोटं मोजायला लागली… यंदा कुणाकुणाला रोपं दिली ते.

अनघानं पानाचा एवढासा तुकडा इवल्या नळीत कुटला, थेंबभर द्रव घातला, पट्टी बुडवली. एक रेघ उमटली तर घरचं झाड. दोन उमटल्या तर ते दुसरं.

मी चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. कवितेत पान बोलतं असं सांगितलं की मागच्या बाकावरची पोरं तोंड दाबून हसायची. खरं सांगू, मलाही मनातून शंका असायची…

रविवारी पान बोललं. ओल पट्टीवरून हळूहळू वर चढली, एक रेघ उमटली… आणि तिच्याखाली दुसरी, फिक्या गुलाबी शाईनं काढावी तशी. त्याच मातीतलं झाड, त्याच विहिरीचं पाणी प्यालेलं, शेजारच्या झाडाच्या फांदीत फांदी गुंतवून उभं. डोळ्यांना काही फरक दिसेना.

बावीस झाडांत सात निघाली.

"मग सात उपटू, बाकीची राहू देत," मी म्हणालो. पण अनघानं मान हलवली. भुंगे इकडचे परागकण तिकडं नेतात, त्यामुळं उरलेल्या झाडांचंही बी धरता येणार नाही. गाडग्यातलं तर मिसळलेलंच. म्हणजे आईपासून चालत आलेलं बी संपलं…

आक्कानं पदर खोचला. "आप्पा, तू बस कविता म्हणत. उपटायला मीच पायजे." वांग्यांनी लगडलेली सात झाडं तिनं स्वतः उपटली. मग गाडगं चुलीत रिकामं केलं.

आणि पायात चपला घालून निघाली, घरोघरी. मी मागोमाग. प्रत्येक दारात एकच बोलणं, "माझ्याकडनं चुकलं बाई. मी दिलेली रोपं उपटून टाक."

एक सून हसली, "आक्का, भाजी तर लई भारी लागली की!"

"लागू दे. पण मी काय देतोय ते मलाच ठावं नव्हतं की गं."

ज्या बाईच्या हातचं बी म्हणजे शकुन मानतात, तिला असं दारोदार चूक कबूल करत फिरताना पाहिलं… आणि मला तिच्याकडं नीट बघवेना.

दुपारी आक्काची लेक सुमन आली, कागलहून. शंकरनं तिला फोन केला होता. दारातच तिनं पदराची गाठ सोडली. लग्नात बांधून दिलेलं बी ती इतकी वर्षं दर हंगामाला लावत, त्याचंच पुन्हा बी धरत आली होती. नवं कधी नेलंच नव्हतं. बरोबर झाडाचं पानही आणलं होतं.

अनघाकडं एकच पट्टी उरली होती. आम्ही सगळे तिच्याभोवती वाकलो. एक रेघ उमटली. आम्ही थांबलो… आणखी थांबलो. दुसरी आलीच नाही.

सुमननं हसत डोळे पुसले. आक्कानं ते बी राखेत घोळलं, गाडग्यात भरलं आणि म्हणाली, "शंकर, आणि एक गाडगं आण रं. पाव्हण्याचं बी आता वेगळं ठिवायचं."

"आणि आईची रीत?" मी विचारलं.

"पाव्हण्याला ताट वेगळं वाढतोच की आपण. मग गाडगं वेगळं ठिवलं तर काय बिघडलं? आप्पा, तुझं अक्षर चांगलं हाय. नाव लिही दोन्हीवर."

चुन्यात काडी बुडवून मी एकावर लिहिलं, 'आईचं वांगं, सुमनकडून परत'. दुसऱ्यावर 'पाहुण्यांचं'. आयुष्यभर फळ्यावर किती ओळी लिहिल्या असतील… पण इतकं जपून अक्षर काढल्याचं आठवत नाही.