माझी प्रार्थना तांबड्या समुद्रापाशी असताना

आयटीआयचं फिटरचं सर्टिफिकेट सोडलं, तर शिक्षणाचा दुसरा पुरावा माझ्याकडे नाही. चर्चचा पाळक व्हायला लोक कॉलेजात जाऊन शास्त्र शिकतात. मी उभी हयात सातपूरच्या कारखान्यात काढली. तरी आमचे पाळक गावाला गेले की चर्चमध्ये प्रार्थनेला उभा कोण राहणार? मीच. कुणी सांगायची वाट कशाला बघायची?

आमच्यात प्रार्थना लिहून आणत नाहीत. डोळे मिटायचे आणि मनातून बोलायचं. हे मनातून बोलणं मी लहानपणी म्हाताऱ्या मंडळींकडून ऐकून उचललं. त्यांची रीत ठरलेली. आधी सृष्टी, मग आदाम-हव्वा, मग इस्राएल लोकांची मिसरच्या गुलामगिरीतून सुटका, देशाचे पुढारी, विधवा, अनाथ, पाऊसपाणी, आणि सगळ्यात शेवटी ज्याच्यासाठी प्रार्थना मांडलीय तो माणूस. आवाज कुठे चढवायचा, ‘हे दयाघन पित्या’ कुठे घालायचं, सगळं मला पाठ. बायको म्हणायची, “जेवणावर तुम्ही प्रार्थना करणार असाल, तर भाकरी मी नंतर टाकते.” मला वाटायचं, जळते बिचारी माझ्यावर. खरंच वाटायचं, हसू नका.

कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर एक दोस्त होता. कळवणकडचा, शेतकऱ्याचा पोरगा, दर चैत्रात पायी गडावर देवीला जाणारा. त्याला मी माझ्या प्रभूविषयी इतकं ऐकवलं, की दुसऱ्या कुणी शिफ्ट बदलून घेतली असती. तो डबा खात ऐकायचा आणि म्हणायचा, “लय भारी. आता तो ठेचा इकडं सरकव.” कधी वाद घातला नाही, कधी उठूनही गेला नाही. मी समजायचो, आपल्या बोलण्याचा परिणाम होतोय. ठेचा आमच्या घरचा असायचा, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आम्ही दोघं रिटायर झालो. मग गेल्या वर्षी त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि बायपास ठरली. आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

“अरे, देवीला सांगून झालंय. तुझ्या देवाकडंही एक अर्ज टाकून ठेव. सकाळी येशील ना? मला लय भीती वाटतीय.”

भीती हा शब्द या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. काळजी वाटली. आणि लाज वाटते सांगायला, त्याच वेळी आनंदही झाला. आली एकदाची आपली वेळ! कडक इस्त्रीचा सदरा घालून सकाळी हॉस्पिटलात हजर झालो.

तो हिरवा गाऊन घालून चाकांच्या खाटेवर पडला होता. बाजूला वहिनी, मुठीत देवीच्या कुंकवाची पुडी. त्यानं माझा हात धरला. मी डोळे मिटले, घसा साफ केला आणि सुरू झालो. काय तंद्री लागली म्हणून सांगू! सृष्टी झाली. आदाम-हव्वेला बागेतून बाहेर काढलं. मोशे लोकांना घेऊन तांबड्या समुद्रापाशी पोचला, मागून मिसरच्या राजाचे, फारोचे रथ, आणि माझा आवाज असा चढला की शेजारचा पेशंट खोकायचा थांबला. मध्येच दोस्ताचा हात सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, भारावला असेल. समुद्र दुभंगला, लोक पार झाले, आता देशाच्या पुढाऱ्यांकडे वळणार, एवढ्यात कुणीतरी माझा खांदा हलवला.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “त्यांना नेलं हो.”

डोळे उघडले तर समोर खाटच नाही. मी मोकळ्या फरशीपुढे हात पसरून उभा.

अरे देवा! त्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं मी. भेदरलेला माणूस माझा हात धरून पडलेला, आणि मी फारोच्या मागे धावत होतो. पळालो. गुडघे कुरकुरतायत, चपला हातात, “थांबा, थांबा” ओरडतोय. लिफ्टचं दार मिटत होतं, त्यात हात घातला. खाट ढकलणारे मामा खेकसले, “ओ काका, डॉक्टर वाट बघतायत. काय असेल ते पटकन बोला.”

पटकन! ते तर मला कधी जमलंच नव्हतं. तोंड उघडलं, तर दयाघनसुद्धा आठवेना. दोस्त आडवा पडून माझ्याकडे बघत होता, ओठ पांढरे पडलेले. मी त्याचा हात धरला आणि डोळे उघडे ठेवूनच म्हणालो, “देवा, हा माझा दोस्त. हा घाबरलाय. मीपण घाबरलोय. याला सोडू नको. आमेन.”

“झालं?” त्यानं विचारलं.

“झालं.”

“एवढंच लागतं? मग इतकी वर्षं काय लावलं होतंस लेका?”

मामा हसले. दार मिटलं.

दुपार कलेपर्यंत वहिनी आणि मी बाकावर बसून होतो. त्या देवीचं नाव घेत होत्या. मी लिफ्टमधलं तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होतो, पुढचं काही सुचतच नव्हतं. मध्ये चहा आणला, तो तसाच गार झाला. हा गेला तर मी कुणाशी बोलणार, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

ऑपरेशन नीट झालं. त्याला साध्या वॉर्डात हलवल्यावर मी भेटायला गेलो. आवाज पार खोल गेला होता त्याचा. मी खुर्ची ओढून बसलो, प्रार्थनेचा विषयच काढला नाही. त्यानंच काढला.

“आत नेल्यावर तुझंच म्हटलं मी. जरा बदलून.”

“काय बदललंस?”

“म्हटलं, देवा, माझ्यापाशी हितं एवढे डॉक्टर हायेत. बाहेर माझा दोस्त घाबरून बसलाय. त्याच्याकडं जरा बघ.”

मी प्रार्थना करायची आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं, अशीच मला सवय. त्या दिवशी आमेन म्हणायची पाळी माझ्यावर आली, आणि रडू फुटल्यामुळे ते मला धड म्हणताही आलं नाही.