आत्याची जाळी

माझी आत्या लोखंड हुंगायची. घासून झालेली जाळी दोन्ही हातांनी नाकाशी धरायची, डोळे मिटायची आणि मान आडवी हलवायची. मान हलली की समजायचं, जाळी परत राखेच्या पाण्यात. "डोळे फसतात गं," म्हणायची, "नाक नाय फसत."

मी बोलते आहे आणि माझा मुलगा लिहितो आहे. तो शाळेत मास्तर आहे, माझं बोलणं सरळ करून लिहितो. लिहू दे. आत्याचे शब्द मात्र जसेच्या तसे ठेव म्हणून त्याला बजावलं आहे.

कर्जतला तेव्हा आगगाडी येऊन फार वर्षं झाली नव्हती. घाट चढायला गाडीला मागून दुसरं इंजिन लावत, त्या इंजिनांवरच्या एका गोऱ्या साहेबाचा बंगला स्टेशनापलीकडे होता. त्याच्या स्वयंपाकघरात पाव आणि मांस भाजायची लोखंडी भट्टी होती, आत तीन जाळ्या सरकवलेल्या. चरबी गळून, जळून त्यांच्यावर काळी खपली धरायची. ती काढायचं काम आत्याचं. म्हणून गाव तिला भट्टीवाली म्हणायचं, आणि म्हणताना थुंकायचं.

हौसेने गेली होती का ती? आत्या बालविधवा, माहेरीच राहिलेली. माझी आई मी रांगत असताना गेली, तेव्हापासून मला तिनेच वाढवलं. मग आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पाय गाडीच्या चाकाखाली चिरडला. शेती बसली, घरात दाणा नाही. भाऊबंद दारात येऊन चुकचुकले आणि आपापल्या घरी जेवायला गेले. आत्या पदर खोचून बंगल्यावर गेली. मग मात्र सगळ्यांना एकदम धर्म आठवला! जातीची माणसं बसली आणि ठरवून मोकळी झाली: त्या भट्टीत काय भाजतात ते जगजाहीर आहे, तिच्या हातचं अन्नपाणी बंद. हेच नाकाने कांदे सोलणारे आगगाडीत कुणाच्याही मांडीला मांडी लावून बसत, ते चालत होतं. आबाही त्यांना मिळाले. आत्याची चूल पडवीत गेली आणि आतली चूल माझ्या गळ्यात आली, मी तेव्हा नऊ वर्षांची. तिच्या कमाईचे तांदूळ आम्हाला चालत. तिने शिजवलेले चालत नसत.

आत्या भांडली नाही. तिची कामाची रीतच तशी होती. जळलेल्या जाळीवर कुणी खुरपं घेऊन धावलं की ती हात धरायची. "वरबाडू नको. वरबाडलं की लोखंडाला चरे पडतात, नि चऱ्यात गंज शिरतो. भिजव, दम धर." राख कालवलेल्या कढत पाण्यात जाळी संध्याकाळी बुडवायची, सकाळी नारळाच्या शेंडीने आणि नदीच्या बारीक वाळूने एकेक गज घासायचा. गंजाच्या डागाला चिंच. मग लगेच निखाऱ्यावर वाळवायची आणि फडक्याने तेलाचा नुसता हात फिरवायचा. "लोखंडाला पाणी दाखवावं, पाजू नये," हे तिचं ठरलेलं वाक्य. इतका दम तिने माणसांच्या बाबतीतही धरला. माणसं काही भिजली नाहीत.

साहेबाची बदली झाली तेव्हा एक वाकलेली जाळी खानसाम्याने उकिरड्यावर टाकली. आत्याने ती घरी आणली, दगडाने ठोकून सरळ केली आणि पडवीतल्या चुलीवर ठेवली. तव्यावरून काढलेली तांदळाची भाकरी त्या जाळीवर टाकली की अशी टम्म फुगायची! वास आत घरात यायचा. आबा खोकायचे आणि कूस बदलायचे. मी माझी करपलेली भाकरी त्यांना वाढायची.

माझं लग्न ठरलं लोधिवलीकडे. सासूबाईंनी आधीच सांगितलं, "त्या भट्टीवालीच्या हातचं पाणीसुद्धा पोरीने प्यायचं नाय. कबूल असल तर कुंकू लावतो." आबा कबूल झाले. लग्नात आत्याला हळदीला हात लावू दिला नाही, मांडवात येऊ दिलं नाही. पण पंगतीच्या भाताची मोठी तपेली बुडाला लागली, आणि बायका ती उचलून गोठ्यामागे कुणाकडे घेऊन गेल्या? आत्याकडेच! लोखंड-तांबं राखेने शुद्ध होतं, त्याला विटाळ नाही, असा शास्त्रार्थ सांगितला एका शहाणीने. आत्याने तपेली आरशासारखी करून दिली आणि तिच्यातच दुसऱ्या पंगतीचा भात शिजला. निघताना मी पाया पडायला गोठ्यामागे गेले. हात राखेने भरलेले, म्हणून तिने कोपराने मला जवळ ओढलं. "भांड्याला राख चालते," म्हणाली. "माणसाला काय लावलं म्हंजे चालतं गं?"

पुढे मी माहेरी आले की ती पडवीत भाकरी भाजून ठेवायची. पानावर भाकरी, वर मिठाचा खडा आणि भाजलेलं वांगं. "एक घास घे. कोण बघतंय?" कुणी बघत नव्हतं. पण सासरी कळलं तर मला परत पाठवतील, हे भूत माझ्या मानगुटीवर बसलेलं. मी म्हणायची, आज सोमवार. आज चतुर्थी. आज शनिवार. ती हसायची. "तुझ्या सासरी लई उपास गं! देव घरातच राहायला आलाय वाटतं." आणि भाकरी स्वतः खायची, माझ्याकडे पाठ करून. दरवेळी भाजायची, दरवेळी मी उपास सांगायची. दुसरं काहीही तिने माझ्याकडे कधी मागितलं नाही.

ती आजारी पडल्याचा निरोप आला तेव्हा मला दोन मुलं होती. आबा आधीच गेले होते. मी पोचले तर पडवीत चूल पेटलेली. उठवत नव्हतं तिला, तरी भिंतीला टेकून बसून भाकरी थापली होती. जाळीवर फुगली, तिने बोटांनी उचलली आणि माझ्यासमोर धरली. घरात आम्ही दोघीच होतो. आणि माझ्या मेल्या तोंडातून सवयीने निघालं, "आज एकादशी आहे, आत्या."

तिने माझ्याकडे बघितलं. या खेपेला हसली नाही.

"एकादशी काल झाली गं," म्हणाली. "मी धरली हुती. आज पारण्याला भाकर केली, म्हटलं तू येशील."

विधवा बाई ती, जन्मात एक एकादशी चुकवली नव्हती. तिला मी तिथी सांगत होते! मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. तरी हात पुढे गेला नाही, हे खरं ते सांगते. तिने भाकरी खाली ठेवली. स्वतःही खाल्ली नाही. मग म्हणाली, "जाळी तेवढी पुसून ठेव. ओली राहील." मी पुसली, तेलाचा हात फिरवला, तिच्यासमोर हुंगून दाखवली. तिने मान भिंतीकडे वळवली. चौथ्या दिवशी ती गेली.

जाळी मी पदराखाली झाकून सासरी आणली आणि गोठ्याच्या आढ्याला खोचली. सासूबाई होत्या तोवर ती तिथेच गंजली. त्या गेल्यावर काढली, तीन संध्याकाळ राखेत भिजवली, शेंडीने आणि वाळूने घासली. आता रोज माझ्या चुलीवर असते. मुलं खातात, सुना खातात, जातीतली माणसंही येऊन खातात आणि भाकरीची तारीफ करतात. कुणाची जाळी ते मी सांगते. कुणी उठून जात नाही. बघा, एवढंच होतं ते!

दर द्वादशीला सगळी घरं पारणं करतात, आणि मी पहिली भाकरी त्या जाळीवर भाजून पानावर ठेवते आणि न खाता तशीच बसून राहते. धाकटी सून नवी आहे. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. ती परवा विचारत होती, "आत्याबाई, आज कसला उपास?"

मी म्हटलं, "एकादशी."