डुकरावर सोडलेली सशाची कुत्री

रनाळ्याच्या शिवारात कुत्र्यांची पारख माझ्याइतकी कुणाला नव्हती. हे मी छातीठोकपणे सांगतो; कुणाला राग आला तर येऊ द्यावा. सशामागे सोडायचा कुत्रा वेगळा, डुकराला अडवायचा वेगळा. माझी कुत्री सशाची. काटकुळी, लांब पायांची, नजरेवर धावणारी. समोर काही पळालं की ती सुटलीच. भुंकण्यात दम घालवायची नाही, थेट मानगूट धरायची. डुकराच्या कुत्र्यानं मात्र काठीभर लांब राहून भुंकायचं आणि भालेवाले येईपर्यंत डुकराला एका जागी खिळवायचं.

त्या साली डुकरांनी नाल्याकाठच्या भुईमुगाचा सत्यानाश केला. माझ्या थोरल्या चुलत्यांनी, आबांनी, शिकार ठरवली. त्यांचा म्हातारा कुत्रा डुकराच्या कामात मुरलेला होता. तरी त्यांना माझी कुत्रीही हवी होती.

"ससा धरस ना, मंग डुक्कर बी धरी," आबा म्हणाले.

"आबा, ती धराले जाई आन मरी," म्हणत मी साफ नकार दिला.

शिकारीच्या दिवशी मी नंदुरबारच्या बाजाराहून परतलो, तर अंगणातला खुंटा रिकामा. आबा कुत्री घेऊन गेले होते. माझं डोकं असं फिरलं, की बैलसुद्धा न सोडता मी नाल्याकडे धावलो.

पोचलो तेव्हा डुक्कर बांधाला पाठ लावून उभं होतं आणि आबांचा कुत्रा रीतसर लांबून भुंकत होता. तेवढ्यात आबांनी माझी कुत्री सोडली. ती सरळ डुकरावर निघाली. तिला पाहून म्हाताऱ्या कुत्र्यालाही चेव आला आणि तोही जवळ घुसला. हाक मारून उपयोग नव्हता. एकदा नजर शिकारीवर खिळली की तिला ऐकूच येत नसे. मी धोतर खोचलं आणि तिच्या समोरून आडवा, उलट दिशेला, जीव खाऊन पळत सुटलो.

पळणारं दिसताच ती वळली. भुईमुगात तिनं मला पाडलं, तोंडात माती गेली, आणि मी तिला मिठी मारून हसत सुटलो. भालेवालेही हसत होते. त्यांना वाटलं, गडी डुकराला भ्याला. वाटू दे, म्हटलं. माझी कुत्री जिवंत होती.

तोवर डुक्कर नाल्यात उतरून निघून गेलं होतं. आबा बांधाजवळ बसले होते. त्यांच्या कुत्र्याचं पोट सुळ्यानं फाटलं होतं आणि तो त्यांच्या मांडीवर शेवटचा श्वास घेत होता. मी जवळ गेलो. मनात भरपूर शिव्या तयार होत्या.

आबांनी वर पाहिलं. "मन्हा कुत्रासाठे बी पळाले पाहिजे व्हतं रे तू," ते म्हणाले.