सासूबाईंच्या हृदयावर शिकलेले डॉक्टर

आमच्या सासूबाई कपड्यांना इस्त्री करायच्या. सरकारी दवाखान्यासमोर आमची एक खोली, पुढच्या बाजूला टेबल, आणि त्या टेबलापाशी उभं राहून त्यांनी अख्ख्या वस्तीच्या कपड्यांच्या घड्या घातल्या. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. कुणी घाई केली की त्याचाच शर्ट गठ्ठ्याच्या तळाशी जायचा.

त्यांच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. ठोक्यागणिक आवाज यायचा आणि तो म्हणे फार सुंदर होता. सुंदर हा शब्द माझा नाही, समोरच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांचा.

आमच्या वस्तीत डॉक्टर टिकत नाहीत, तर डॉक्टर तिथेच शिकवा, म्हणजे ते तिथेच राहतील, असं कधीतरी सरकारच्या डोक्यात आलं. पैसा आला. त्यातून शिकवायची खोली झाली, एसी बसला, मोठ्या डॉक्टरांच्या बुडाखाली फिरती खुर्ची आली. शिकाऊ डॉक्टर तुकडीने यायचे, शिकायचे आणि शहराकडे पोबारा करायचे. एकही राहिला असेल तर शपथ.

आणि प्रत्येक तुकडी शिकली ती सासूबाईंवर. दवाखान्यातून बोलावणं आलं की बाई इस्त्रीचा प्लग काढून, केस सारखे करून लगबगीने निघायच्या. सगळे पाळीपाळीने नळी लावून ऐकायचे. परत यायच्या त्या सत्कार झाल्यासारख्या.

“माझी पोरं हुशार आहेत गं,” त्या म्हणायच्या.

“एवढी हुशार आहेत तर तुमची धाप का नाही थांबवत?” मी विचारलं की माझी साडी गठ्ठ्याच्या तळाशी.

एका दुपारी इस्त्री करता करता त्या मटकन खाली बसल्या. ओठ निळे पडले होते. मी कशीबशी त्यांना समोर नेलं. तिथल्या एका शिकाऊ मुलीने तपासलं आणि तिला काही राहवलं नाही. “यांना ऑपरेशनला पाठवलं कसं नाही अजून? मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी असली की मोठ्या हॉस्पिटलात फुकट होतं. आणखी उशीर झाला तर तेही करता येणार नाही.”

मी तडक मोठ्या डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिले. ते खुर्चीत झुलत म्हणाले, “पाठवू की. आधी योजनेची तपासणी होऊ दे. साहेबांसमोर मुलांनी केस ऐकून दाखवायची आहे. ऑपरेशन झालं तर आवाज जाईल ना.”

भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं मेल्याने. खुर्चीसकट त्याला रस्त्यावर ढकलून द्यावंसं वाटलं मला. घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

तपासणीच्या दिवशी साहेब लोक खुर्च्यांवर बसले होते, मुलं नळ्या घेऊन उभी होती. सासूबाई खाटेवर आणि मी त्यांच्या उशाशी.

“मावशी, वरचं बटण काढा,” मोठे डॉक्टर अगदी साखर घोळून म्हणाले.

सासूबाईंनी बटण मुठीत धरलं. “आधी ऑपरेशनची चिठ्ठी.”

“नंतर देतो ना.”

“मग यांनाही नंतरच यायला सांगा.”

साहेब एकमेकांकडे बघायला लागले. मोठ्या डॉक्टरांनी मुकाट्याने चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला. सासूबाईंनी ती माझ्याकडून वाचून घेतली आणि मग बटण काढून सगळ्यांना ऐकू दिलं. शब्दाच्या पक्क्या. साहेब खूश झाले, योजना कशी छान चालली आहे म्हणाले आणि पुढचा पैसा मंजूर करून गेले. यांच्या अकलेची आरती ओवाळावी तेवढी थोडी.

ऑपरेशन झालं. सासूबाई घरी आल्या, धाप गेली. त्यानंतर मोठे डॉक्टर पहिल्यांदाच आमच्या दारात आले. तब्येत विचारायला आले असं वाटून बाईंचा चेहरा असा खुलला. खुर्ची पुढे करायला त्या स्वतः उठल्या.

“नवीन तुकडी येतेय,” डॉक्टर खोलीभर नजर फिरवत म्हणाले. “तुमच्या घरात आणखी कुणाला धाप लागते का?”

सासूबाईंचा हात खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला.

“सूनबाई,” त्या म्हणाल्या, “दार लाव.”