जिन्यात आडवे उभे राहिलेले सर

आमचे नाटकाचे सर नाटक बघत नसत, ऐकत. तालमीच्या वेळी हॉलच्या शेवटच्या बाकावर, रंगमंचाकडे पाठ करून, डोळे मिटून बसत. कुणाचं वाक्य शेवटी विरलं की तिथूनच ओरडत, "शब्दाची शेपटी खाऊ नकोस गं! मला ती हवीय."

आमची शाळा निजामपुऱ्यात. भिंतीपलीकडे लूमचा कारखाना, त्यामुळे वरच्या मजल्यावरचा हॉल दिवसभर थरथरायचा. "लूमशी भांडू नका, त्याच्यावरून बोला," सर सांगत. नववीत मी राणी झाले होते. आवाज बसला की सर डबीतून खडीसाखर देत आणि "कुणाला सांगू नकोस" म्हणत. ती सगळ्यांनाच मिळते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एका दुपारी शिफ्ट बदलताना लूमची खडखड थांबली. सरांनी हात वर केला. "थांबा." छतातून बारीक करकर ऐकू आली आणि माझ्या पदरावर पांढरी भुकटी पडली. शिपाई भास्करकाकांनी झाडूच्या दांड्याने बीम ठोकून पाहिला. "पोकळ वाजतंय, सर. ह्ये काय टिकायचं न्हाय."

सरांनी मुख्याध्यापिकांना तीन अर्ज दिले. शाळेने छताला रंग मारून घेतला.

गॅदरिंगच्या दिवशी आम्ही रंगून तयार होतो. पाहुणे आले होते. सर जिन्यात आडवे उभे राहिले. "नाटक मैदानात होईल. वर नाही."

"सर, नोकरी जाईल तुमची," मुख्याध्यापिका दबक्या आवाजात म्हणाल्या.

"जाऊ दे, बाई. पोरं वर जाणार नाहीत."

मैदानात करायला मुख्याध्यापिका तयार झाल्या नाहीत. नाटक झालंच नाही. मी रडत म्हटलं, "सर, तुम्ही आमचं नाटक मारलंत."

"हो," ते म्हणाले. एवढंच.

महिनाभरात ते अंबाडीकडच्या एका लहान शाळेत गेले. हॉल मात्र उभाच होता. त्यात निरोप समारंभ झाला, स्पर्धा झाल्या. सरांचा विषय निघाला की लोक हसायचे. दहावीत मी तिथेच नाचले. मध्येच खांद्यावर भुकटी पडली. मी ती झटकली, नाचत राहिले आणि नंतरही कुणाला काही बोलले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत स्लॅब कोसळला. मुलं नव्हती. भास्करकाका एकटेच आत झाडत होते.

तिसऱ्या दिवशी मी एसटीने अंबाडीला सरांच्या घरी गेले. त्यांना बातमी कळली होती. मी भुकटीचं सांगितलं. वाटलं, रागावतील. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू लहान होतीस गं. मी पोरांना अडवलं. भास्करला नाही अडवलं."

मग आम्ही दोघं दिघाशीला काकांच्या घरी गेलो. काकू ओटीवर बसल्या होत्या. सर अंगणातच थांबले. "तू हो पुढे. मला काय बोलायचं ते सुचत नाही."

मी ओटीच्या पायरीशी जाऊन उभी राहिले. शेवटी काकूच उठल्या, पाण्याचा ग्लास घेऊन अंगणात आल्या.

"घ्या, सर. तुमी एकटेच तर बोललेलात."

सरांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला. पाणी काही त्यांना पिता आलं नाही.