कोर्ट उठेपर्यंत

शिरूरच्या कोर्टात मला जी शिक्षा झाली, ती बाकावर बसण्याची होती. दंड भरायचा आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच थांबायचं. जज्जसाहेब उठले की आपण घरी. वकिलानं मला हे आधीच समजावलं होतं. गुन्हा कबूल केला तर एवढ्यावर सुटका. लढायला गेलात तर तारखांमागून तारखा. मी दुपारभर मागच्या बाकावर बसून होतो. शेजारी बांधावरून भांडणारे दोन सख्खे भाऊ मध्ये एका माणसाची जागा मोकळी सोडून बसले होते. शिपाई मधूनच माझ्याकडे बघून "झोपू नको रे" म्हणत होता. मी झोपलो नव्हतो. मी मनातल्या मनात खूश होतो. इतका स्वस्त सौदा मी आयुष्यात केला नव्हता.

सौदा हे माझं अंग आहे. बापानं मला एक आडनाव सोडून काही दिलं नाही. गाड्या धुण्यापासून सुरुवात केली, मग क्लीनर झालो, शिव्या खात स्टिअरिंगला हात लावला, हेवी लायसन काढलं. या वाटेवर बोलणं हेच माझं भांडवल होतं. गावात कुणाला बैल घ्यायचा असो की जुना ट्रॅक्टर, मला सोबत न्यायचे. सोयरिकीच्या बैठकीतही मुलीकडचे आणि मुलाकडचे दोघंही मीच आपल्या बाजूनं बसावं म्हणून आधी येऊन सांगून ठेवायचे. माझं डोकं लवकर तापतं हेही सगळ्यांना ठाऊक होतं. समोरचा तेवढ्यानंच निम्मा खाली यायचा.

तर केस अशी. मी वाळूच्या गाडीवर होतो. भीमा नदी आमच्याकडे दोन तालुक्यांची हद्द आहे. अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. एका तहसीलचं पथक आलं की गाड्या पूल ओलांडून दुसऱ्या तालुक्यात उभ्या राहायच्या. सगळ्यांना ही रीत माहीत होती, पथकालाही. एके दिवशी वडगाव रासाईच्या खाली दोन्ही काठांनी एकदम पथकं उतरली. माझी गाडी आणि केंदूरच्या एका ड्रायव्हरची गाडी, दोन्ही भरलेल्या, पुलाच्या तोंडाशी सापडल्या.

आमच्या धंद्यात गाडी धरली की केस ड्रायव्हरनं अंगावर घ्यायची असते. मालकाला काही माहीत नव्हतं, मीच परस्पर गाडी नेली, असा जबाब द्यायचा. मग मालक कोर्टातून गाडी सोडवतो आणि ड्रायव्हरलाही. मालक ठाण्याच्या बाहेर चहा घेऊन आला होता.

"गाडी सुटली तर तू सुटला," तो म्हणाला. "गाडी आत राहिली तर तू बी उपाशी आन् मी बी."

"मालक, माझ्या नावावर चोरी लागंल. मला काय मिळणार?"

"काय पायजे बोल."

मी पैसे मागितले नाहीत. पैसे मागणारे ड्रायव्हर मूर्ख असतात, ते संपतात. मी कायमची सीट मागितली. त्याच्या गाडीवर माझ्याशिवाय कुणी बसायचं नाही, माझे हातपाय चालतात तोवर. आणि हे नुसतं बोलून नाही, बेलभंडारा उचलून. मालक खंडोबाचा माणूस. त्यानं जराही कां कूं न करता घरी देव्हाऱ्यासमोर बेल आणि भंडारा तळहातावर घेतला आणि शपथ वाहिली. त्याच्या बायकोनं मला चहा दिला. मी कपाळाला भंडारा लावून बाहेर पडलो तेव्हा मला माझाच अभिमान वाटत होता.

केंदूरवाला माझ्यासारखा नव्हता. त्याला बोलताच येत नसे. वकील त्याला म्हणाला, कबूल कर, तो म्हणाला, "साहेब, मला भ्या वाटतं, मी न्हाई कबूल करत." मी त्याला कोर्टाच्या आवारातच वेड्यात काढलं. "तुझं म्हातारपण इथं पायऱ्यांवर जाईल," म्हटलं. तो नुसता हसला आणि पुढची तारीख घेऊन गेला.

पुढं वाळूवर फार कडक झालं. मालकानं जुन्या गाड्या विकल्या आणि रांजणगावच्या कारखान्यांची माल वाहतूक घेतली. नवे कोरे ट्रेलर आणले. मी पहिल्याच दिवशी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्या कचेरीत गेलो. मालक खुर्चीवरून उठला नाही.

"बस. चहा घे."

"गाडी कोणती?"

"गाडीचं सांगतो. कंपनीच्या गेटात शिरायचं तर ड्रायव्हरचं पोलीस व्हेरिफिकेशन लागतं. तुझं न्हाई निघायचं."

"तुमच्यामुळंच न्हाई निघायचं."

"मी कुठं न्हाई म्हणतो?"

"भंडारा उचललाय मालक तुम्ही."

त्यानं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "उचललाय. खोटं कशाला बोलू? पन तो वाळूच्या गाडीवर उचललाय. ती गाडी मी इकली."

मी आयुष्यभर सौदे केले. हा मुद्दा मला कधी सुचला नसता. मी टेबलावरून त्याच्या कॉलरला हात घातला. कचेरीतल्या माणसांनी मला ओढून बाहेर काढलं. बाहेर उभ्या असलेल्या ड्रायव्हरांनी ते पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत शिरूर ते शिक्रापूरच्या प्रत्येक ढाब्यावर ते पोचलं. चोर तर होतोच, आता मारकाही झालो. मालकाचं स्वतःचं व्हेरिफिकेशन स्वच्छ निघालं. माझ्या जबाबात तसं लिहिलेलंच होतं: त्याला काही माहीत नव्हतं.

शिक्रापूरला मी दारोदार फिरलो. हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्या आहेत. बऱ्याच जागी कचेरीबाहेर "ड्रायव्हर पाहिजे" असा फलक वर्षभर टांगलेला असतो. एका ठिकाणी माझी ट्रायल घेतली. चिंचोळ्या आवारात लांब ट्रेलर मागे घेऊन माल चढवायच्या डॉकला लावायचा होता, दोन्ही बाजूंना भिंती. मी एका दमात लावला. आवारातल्या बिहारी ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. "क्या बात है चाचा," म्हणाले. मॅनेजर माझ्या मुलाच्या वयाचा होता. तो खूश झाला, नाश्ता मागवला आणि लायसन, आधार घेऊन आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहराच सांगत होता.

"काका, गुन्हा आहे तुमच्यावर?"

"कोर्ट उठेपर्यंत बसलो होतो. अर्धा दिवस. तुम्ही कॉलेजात यापेक्षा जास्त वेळ वर्गाबाहेर उभे राहिला असाल."

तो हसला. मला वाटलं, जमलं. मी पुढं सरकलो. पगार कमी द्या, म्हटलं. लांबच्या, कुणी जात नाही अशा फेऱ्या द्या. दिवाळीत सुटी नको. मी एकेक करत खाली येत गेलो, आणि तो नाही म्हणून मान हलवत राहिला.

"काका, मी तुम्हाला आजच घेतला असता. सिस्टिम घेत नाही. नाव टाकलं की लाल दाखवते."

"मग सिस्टिमवाल्याशी बोलतो. कुठं बसतो तो?"

"कुठंच बसत नाही काका."

हे मला अजून पचलेलं नाही. माणूस कितीही हरामखोर असो, त्याच्याशी घासाघीस करता येते. त्याची बायको आजारी असते, त्याला घाई असते, त्याला आपली दया येते किंवा आपली भीती वाटते. इथं समोर कुणी नव्हतंच. मी ट्रायल दिलेला ट्रेलर दुसऱ्या कुणीतरी बाहेर काढला. भिंतीला घासत काढला.

ठाण्यात गेलो. हवालदार जुन्या ओळखीचा. म्हणालो, दंड भरला, शिक्षा भोगली, मग हे पुसलं कसं जात नाही?

"शिक्षा संपती रं. नोंद न्हाई संपत," तो म्हणाला. "कबूल कशाला केलंस? ते पंच कवाच फुटले. त्या केंदूरवाल्याला कोर्टानं निर्दोष सोडला की गेल्या साली."

मी त्याला पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. केंदूरवाला आता एका मोठ्या कंपनीच्या कंटेनरवर आहे, गणवेश घालतो. मला तो एकदा शिक्रापूरच्या चौकात दिसला, सिग्नलला. त्यानं वरून हात केला. चांगला माणूस आहे, काही बोलून दाखवलं नाही. मी मान वळवली.

वकिलाकडेही गेलो. मला ओरडायचं होतं, ओरडलोही. तो शांतपणे म्हणाला, "तुम्हालाच लवकर मोकळं व्हायचं होतं. मी दोन्ही रस्ते सांगितले होते." दोन्ही सांगितले होते हे खरं. पण त्याची फी मालकानं दिली होती, आणि कोणता रस्ता जास्त गोड करून सांगितला हे मी विसरलेलो नाही.

बायको तेव्हा दुसऱ्याच्या रानात शेवंती तोडायला जात होती. तिच्या बोटांना तो हिरवा वास कायमचा लागला होता. एके दिवशी मी घरात बसून मालकाला शिव्या देत होतो. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांना कशाला बोलताय? त्यांनी त्यांचं बघितलं. लई शहाणं माणूस म्हणून माझ्या बापानं मला तुम्हाला दिली."

"मग शहाणाच हाय मी."

"व्हय की. गावाचे बैल घेऊन दिले. स्वतःला इकताना तेवढं ध्यान राहिलं न्हाई." मग भाकरी उलटत म्हणाली, "गाडी चालवायचंच पायजे का? रानात चला माझ्यासंगं."

मी ताट सरकवलं आणि उठलो. रानात जायची मला लाज नव्हती. पण मी जन्मभर एकच गोष्ट शिकलो होतो, आणि तीही मालक, वकील आणि एक मशीन यांनी मिळून काढून घ्यावी, हे मला मान्य नव्हतं.

दौंडच्या कामाचं बायकोच्या भावानं सांगितलं. स्टेशनजवळच्या एका चहाच्या हॉटेलात एक जण बसतो, त्याचे दोन हायवा डंपर आहेत, त्याला ड्रायव्हर पाहिजे आणि तो व्हेरिफिकेशन मागत नाही. मी विचारलं नाही की कसले हायवा. आमच्या नदीकाठच्या माणसाला हे विचारावं लागत नाही.

तो माणूस चाळिशीचा असेल, पांढऱ्या कपड्यातला, बोलायला गोड. सोबत दोघं तिघं बसलेले. लायसन त्यानं बघितलंच नाही.

"मामा, केस किती?"

"एक."

"लढला का कबूल केली?"

"कबूल केली."

तो सोबतच्यांकडे वळला. "बघा. मी काय म्हणत व्हतो? पोरं येत्यात, चावी मागत्यात, आन् पथक दिसलं की नदीत उड्या टाकून पळत्यात. हे खरं कामाचं माणूस." मग माझ्याकडे: "कोऱ्या माणसाला जपावं लागतं मामा. तुमचं काय जायचंय आता?"

सगळे हसले. एक जण म्हणाला, "मामांना अनुभव हाय, पगार वाढवून द्या." माझं डोकं तापलं. मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला. तो रागावला नाही. त्यानं पोऱ्याला फडकं आणायला सांगितलं आणि माझं बोलून होईपर्यंत वाट पाहिली. मला जायला कुणी अडवत नव्हतं. मी उठलो नाही.

"एक गोष्ट सांगतो," मी म्हणालो. "गाडी चालवीन. पण काही झालं तर ह्यावेळी तुमचं नाव."

"ते सोडून काय बी मागा."

मग काय मागावं ते मला सुचेना. मागण्यासारखं एवढंच होतं. तो मला हॉटेलच्या मागं घेऊन गेला, भिंतीला टेकवून उभं केलं आणि मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला.

"बोला. गाडी मी मालकाला न इचारता नेली. नाव, गाव, समदं."

"अजून गाडीला हातबी लावला न्हाई मी."

"म्हणून तर आत्ता. नंतर तुमच्या डोक्यात काय भरंल, कुणाला म्हाईत?"

मी बोललो. त्यानं ते लावून ऐकलं आणि मान हलवली. "पाठ केल्यागत वाटतंय मामा. जरा मनापासून." मी पुन्हा बोललो. या खेपेला मध्येच एका ट्रकचा हॉर्न आला, ते वाया गेलं. तिसऱ्या वेळी मी खाली मान घातली, आवाज थोडा कापू दिला, आणि मालकाला काही माहीत नव्हतं, माझ्याकडून चूक झाली, पोटासाठी केलं, असं माझं मीच जोडलं.

"हां," तो म्हणाला. "हे बेस झालं."

त्यानं खिशातून चावी काढून दिली. हायवा रेल्वेच्या भिंतीलगत उभा होता. मी वर चढलो, सीट माझ्या उंचीला लावून घेतली, आरसे सरळ केले आणि सुरू केला.